समुद्राकाठी राहिलेला फोटो

मढ, ता. जुन्नर
१७ मार्च २००८

ताई,

जयभीम. अक्षर ओळखून पत्र चुलीत घालणार असशील तर आधी दाजींना वाचू दे, मग घाल. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून पोस्टातून दहा आंतरदेशीय आणलीत. पत्र एकदा आलं की घरात कुठंतरी राहतंच, कुणीतरी वाचतंच.

मी गेणभाऊंच्या पिकअपवर चाललोय. गेणभाऊ म्हणजे आपल्या वारूळवाडीच्या कॅनॉलकडचे द्राक्षवाले, तुझ्या लग्नात पंगतीत तीनदा मठ्ठा मागून घेतला ते. एक्स्पोर्टमधून बाजूला काढलेला माल क्रेटमध्ये भरायचा, माळशेज उतरायचा आणि समुद्रकाठच्या गावांत गाडी उभी करून विकायचा, असं त्यांचं दर फाल्गुनात चालतं. माझं काम वजन करायचं आणि ओरडायचं. ओरडणं जमतं मला, तुला माहीतच आहे.

इथं मढला गाडी पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. गेणभाऊ चाक घेऊन जीपनं मागं गेलेत आणि मी चहाच्या हॉटेलात बसलोय. हॉटेलवाल्यानं पोपट पाळलाय, तो फक्त 'सुट्टे द्या' म्हणतो. त्याचा फोटो काढला.

हां, फोटो. कॅमेरावाला मोबाईल घेतलाय, पप्पूकडून जुना. नारायणगावात मोबाईल दुरुस्त करतो तो पप्पू. कार्ड चालत नाही त्यात, पोटात तीस फोटो मावतात. एकतिसावा काढायचा तर आधीचा एक पुसायचा.

कॅमेरा आणि मी म्हटल्यावर तुझ्या कपाळावर आठी आली असेल. येऊ दे. आजवर तुला नीट सांगितलं नव्हतं, आज सांगतो. तुझ्या लग्नादिवशी रोल भरताना वाजंत्री आली. मी झाकण दाबलं आणि बघायला पळालो. रोलची जीभ चाकात अडकलीच नव्हती. छत्तीसच्या रोलवर मी एकेचाळीस फोटो काढले तरी मला शंका आली नाही, उलट वाटलं जास्तीचे मिळाले. स्टुडिओवाल्यानं रोल ओढून दाखवला तेव्हा तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरा होता. दिवाळीनंतर आई गेली. आता तिचा म्हणून एक मतदार कार्डावरचा फोटो आहे, आणि त्यातली बाई कोण आहे ते नानांनाही सांगता येत नाही. तू बोलायची थांबलीस, त्याला मेमध्ये तीन वर्षं होतील. माझी तक्रार नाही.

द्राक्षं निमित्त आहे. आई म्हणायची ना, 'माझा फोटू समुद्राकाठी राहिलाय'? शहाण्णव साली वस्तीतल्या बायका टेम्पो करून वीस मार्चला महाडला गेल्या होत्या. इथवर आलोय तर समुद्र बघून जाऊ म्हणून तशाच पुढं गेल्या. वाळूवरच्या फोटोवाल्यानं एकेकीचा फोटो काढला, पोस्टानं पाठवतो म्हणाला, आणि ते कधी आलेच नाहीत. तो फोटो अजून कुठं आहे का, ते बघायला चाललोय. फोटोवाल्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. निघण्याआधी त्या टेम्पोतल्या दोघींना विचारलं. गोजरबाई म्हणाली, पाण्यात किल्ला होता. प्रयागबाई म्हणाली, किल्लाबिल्ला काय न्हाई, ही गोजर वाटभर ओकत व्हती, हिनं काय बघितलं? दोघींचं भांडण लावून निघालो.

गेणभाऊ चाक घेऊन आले. बाकी पुढं.

संघर्ष


अलिबाग
१९ मार्च

ताई,

इथं पाण्यात किल्ला आहे. ओहोटीला चालत जाता येतं. मी गेलो, आणि आत विहिरीत कासव आहे का बघत बसलो तेवढ्यात भरती आली. चार तास अडकलो. गेणभाऊंनी एकट्यानं बारा क्रेट विकले आणि मी परतल्यावर मला घालूनपाडून बोलले. त्यांचं बरोबर होतं.

किनाऱ्यावर तीन फोटोवाले आहेत, तिघंही माझ्याच वयाचे. शहाण्णव साली ते चड्डीत असणार. एक म्हातारा घोडागाडीवाला भेटला. तो म्हणाला, पूर्वीचे सगळे धंदा सोडून गेले, आणि पोस्टानं पाठवतो म्हणणारे तर निम्मे पैसे घेऊन पुढच्या गावी जायचे. मला ते ऐकून वाईट वाटलं, पण आईला माणूस कळायचा. तिनं ज्याला पत्ता दिला तो तसला नसणार.

फोटो सांगतो, तुला दाखवता येत नाहीत म्हणून. एक, लाकडांच्या टेकूवर उभी केलेली होडी, अगदी आपण बैलगाडी धुवायला टेकवतो तशी. दोन, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, शेकड्यानं. वारा आला की सगळे एकदम हलतात. तीन, गेणभाऊ. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, ओंजळीत समुद्राचं पाणी. त्यांनी ते चाखलं, थुंकलं आणि म्हणाले, "खारट हाय राव. खरंच." वीस वर्षं या बाजूला येतायत आणि आजवर त्यांनी ते तपासलं नव्हतं.

संघर्ष


मुरूड
२२ मार्च

ताई,

इथंही पाण्यात किल्ला आहे, आणि इथंही कुणाला काही माहीत नाही. काल होळी होती. गाव ढोल वाजवत होतं आणि मी स्टुडिओ पालथे घालत होतो. एका स्टुडिओवाल्यानं कपाटातली जुनी पाकिटं काढून दिली. दोन तास बघितली. नवरा-नवरी, सत्यनारायण, बारशी. परक्या लोकांच्या आया भरपूर होत्या.

संध्याकाळी गेणभाऊ म्हणाले, माल मऊ पडायला लागलाय, सहा क्रेट राहिलेत, उद्या घरी. मी रिकामे क्रेट रचायला लागलो. त्यांनी मला समुद्र दाखवायला आणलेलं नाही.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. ते म्हणाले, "वाचतीय ती. पहिलं पत्र डब्याखाली ठेवलंय, पिठाच्या. मी इचारलं तर म्हनली रद्दीत टाकायचंय." ताई, मी त्यांना काही सांगितलं नाही असं धर. त्यांनाही काही बोलू नकोस.

त्या फोननं मला हिंमत आली. लगेच घरी लावला आणि नानांना म्हटलं, प्रयागबाईला बोलवा. ती मोबाईलवर अशी बोलते की मोबाईल नसता तरी मुरूडला ऐकू आली असती. मी विचारलं, पत्ता दिला होता का तुम्ही? ती म्हणाली, "दिला की. पन त्यो म्हनला मालकाचं नाव सांगा. परक्या मानसाफुडं नाव कसं घेनार? एकीनं उखाना चालू केला तर त्यो लिहायचाच थांबला. मग आमी पोरांची नावं सांगितली. भागूची आई, आमक्याची आई. वारूळवाडी म्हनलं की पोचतंय."

तालुका, जिल्हा? तर म्हणाली, "आता वारूळवाडी कुनाला म्हाईत न्हाई?"

मी मोबाईल कानाला लावून वाळूत बसलो. सात बायका, एकीचंही स्वतःचं नाव नाही, नवऱ्याचं नाव नाही, तालुका नाही. ते पाकीट पोचणार कसं? पण पाकीट पोचलं नाही म्हणजे परत गेलं असणार, आणि ज्यानं ते खरंच पोस्टात टाकलं तो पैसे घेऊन पळणारा नव्हता. आईला माणूस कळायचा म्हटलं ना.

मग मी विचारलं, येताना तिकडून काही आणलं होतं का? प्रयागबाई म्हणाली, सुपारी. ओली, सालासकट, पिशवीभर. तुझ्या आईनं नानांना दिली, अडकित्त्यानं फुटंना.

गेणभाऊ शेजारी ऐकत होते. त्यांच्या गालात कायम सुपारी असते. त्यांनी ती या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाले, "सालासकट सुपारी म्हंजे श्रीवर्धन. तिथली सुपारी लई नावाजलेली हाय." मग म्हणाले, सहा क्रेट काय, तिकडंही खपतील.

उद्या पहाटे निघतोय.

संघर्ष


श्रीवर्धन
२५ मार्च

ताई,

सापडली.

हा शब्द आधी लिहून ठेवला, कारण मी आता भलतीकडे वळणार आणि तू चिडणार.

चोगले म्हणून आहेत. सत्तरीचे असतील. किनाऱ्याच्या वाटेवर दुकान आहे, आता तिथं रिचार्ज, टोप्या आणि बर्फाचा गोळा मिळतो. फोटो काढणं त्यांनी कधीच सोडलंय. मी कागदात बांधलेली द्राक्षं हातात घेऊन गेलो, आधी गोळा खाल्ला, मग विचारलं की शहाण्णव साली तुम्ही वाळूवर फोटो काढायचात का. त्यांनी विचारलं, तू कुठचा? मी म्हटलं, जुन्नर तालुका, वारूळवाडी.

ते उठले. आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "अगो, वारूळवाडी आली."

आतून त्यांच्या मालकीण हात पुसत आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या, पाहुणा बघावा तशा. पाकीट त्यांनी पाठवलं होतं, ताई. लाल शाईनं 'पत्ता अपुरा' लिहून परत आलं होतं. फेकवेना म्हणून चोगल्यांनी ते फोटो दुकानाच्या टेबलावरच्या काचेखाली लावून ठेवले, की त्या बाजूचं कुणी फिरायला आलं तर ओळखेल. नुसते आपलेच नाहीत. न पोचलेले सगळेच. त्यावर पुढं रिचार्जचे कागद चिकटत गेले.

आम्ही बरण्या, टोप्या उतरवल्या, कागद खरवडले. वरून काच पांढरी धूसर झालेली, खाली नुसते रंगांचे ठिपके. मग चोगले, मी, गेणभाऊ आणि त्या मालकीण, चौघांनी चार कोपरे धरून काच उचलली. फोटो टेबलावर राहिले नाहीत, काचेबरोबर वर आले. बारा वर्षांच्या खाऱ्या दमटपणानं सगळे काचेला चिकटलेले. आम्ही काच उभी केली तेव्हा मी मागच्या बाजूला होतो, म्हणून मला आधी दिसल्या पाठी. पेन्सिलीनं लिहिलेलं. 'भागूची आई'. 'सुरेशची आई'. आणि खालच्या ओळीत, डावीकडून तिसरा:

'अमृताची आई, वारूळवाडी'.

तुझं नाव सांगितलं होतं तिनं.

मी पुढं जायला घाबरलो. गेणभाऊ पुढच्या बाजूला होते. त्यांनी ओल्या फडक्यानं काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अंजनाच हाय. ये हिकडं, बघ."

सांगतो कशी आहे. गुडघाभर पाण्यात उभी आहे. हिरवं लुगडं वर खोचलेलं. एका हातात दोन्ही चपला, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरलाय, वारा असणार. चौकटीबाहेरच्या कुणाकडं तरी बघून हसतेय, तोंड उघडं, वरचे दात दिसतायत. इतकी हसताना मी तिला कधी बघितलेली नाही. तू बघितलीस का? पावलं ओलीनं खाल्लीत, तिथं पांढरा डाग पडलाय. चेहरा सगळा आहे.

फोटो काढून घ्यावा म्हणून चोगल्यांनी आधी कडेच्या एका फोटोला पाणी लावून सुरी घातली. तो गोजरबाईचा होता. चेहऱ्याचा पापुद्रा काचेवर राहिला आणि कागद हातात आला. मी ओरडलो, पुरे. गेणभाऊ म्हणाले, काचच घेऊ, पेंढ्यात बांधून नेतो. त्यावर मालकीण पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, "काच नाही देणार. बाकीच्यांची माणसं यायची राहिलीत."

ते पटलं मला.

मग राहिलं काय, तर माझा मोबाईल आणि मी. म्हणजे पुन्हा तेच. आईचा फोटो काढायचाय आणि कॅमेरा माझ्या हातात आहे. काच बाहेर उजेडात नेली तर तिच्यात आभाळ दिसायला लागलं, सावलीत नेली तर माझंच तोंड. आईच्या तोंडावर माझं तोंड. गेणभाऊंनी पिकअपची ताडपत्री सोडून आणली. ते आणि चोगले दोघं ती डोक्यावर धरून उभे राहिले. त्यांच्या मालकिणीनं काळी छत्री उघडून माझ्यामागं धरली. तेव्हा कुठं काचेत काहीच दिसेना झालं, आई सोडून.

मोबाईल भरलेला होता. मी सगळे पुसले. होडी, बोंबील, दोन्ही किल्ले, मढचा पोपट, गेणभाऊंची ओंजळ. तीस जागा मोकळ्या केल्या. सहा बाकीच्या बायांना दिल्या, चोवीस आईला. तुझ्या लग्नात रोल फिरतोय का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. इथं प्रत्येक फोटो काढला की उघडायचा, मोठा करायचा, डोळे बघायचे, कपाळ, दात, मग पुढचा. गेणभाऊंचे हात भरून आले. शिव्या देत होते, पण ताडपत्री खाली आली नाही.

चोविसातले एकोणीस स्वच्छ आलेत, ताई. एकोणीस.

राहिलेले दोन क्रेट चोगल्यांच्या दारात ठेवले. तेही गेणभाऊंनीच ठेवले, मी सांगितलं नव्हतं. त्यांना बदल्यात पिशवीभर सुपारी मिळाली.

संघर्ष


वारूळवाडी
२ एप्रिल

ताई,

दाजींच्या फोनवरून तू विचारायला लावलंस ते कळलं. दाजी म्हणाले, 'मला इचारायचंय, गालावरचा तीळ दिसतो का.' दाजींना आईच्या तिळाशी काय करायचंय? तर उत्तर: नाही दिसत. मोबाईल लहान, मूळ फोटोही लांबून काढलेला. पण ब्लाउजला पुढं लावलेली सेफ्टी पिन दिसते, उन्हात चमकलीय. ती पिन तुला माहीत आहे. तुझ्या शाळेच्या झग्यालाही तीच लागायची.

पप्पूनं फोटो केबलनं काढून सीडीवर घातले. नारायणगावच्या स्टुडिओत गेलो तर ते म्हणाले, पोस्टकार्डाहून थोडा मोठा निघेल, त्यापुढं चौकोन चौकोन दिसतील. मग म्हणाले, कॉम्प्युटरवर समुद्र काढून मागं निळा पडदा टाकतो आणि तोंड मिटवून देतो, भिंतीवर लावायच्या फोटोत माणूस हसत नसतं. बरोबर वस्तीतले चार जण होते, सगळे हो म्हणाले. मरणाच्या फोटोला शोभत नाही, पाहुणे काय म्हणतील.

मी म्हटलं, हसतीच लावायची. चपलाही हातात राहू द्या. समुद्राला हात लावलात तर सीडी घेऊन मंचरला जातो. बराच वेळ वाद झाला. एरवी मी कंटाळून निघून जातो, तुला माहीत आहे. या वेळी स्टुलावरून उठलो नाही.

नानांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला, लावला, काढून पुसला, परत लावला. म्हणाले, "मला म्हनली व्हती, लांबूनच बघितलं पानी." आणि हसले, ताई. मग खिळा कुठं ठोकायचा ते विचारलं.

वस्तीतल्या सहाजणींचे फोटोही काढून आणले. दारात रांग लागली होती. भागूची आई स्वतःला ओळखेचना, भागूनं ओळखलं. गोजरबाई रुसली, चेहरा फक्त तिचाच गेला होता. तिला नवं लुगडं नेसायला लावून कॅनॉलच्या कडेला उभी केली आणि मोबाईलवर काढला. वर तिचं म्हणणं, मागं किल्ला पायजे व्हता.

खिळा ठोकलाय. कधीही ये.

संघर्ष


नारायणगाव
१५ एप्रिल

ताई,

परवा रविवारी तू वारूळवाडीला येऊन गेलीस आणि मी नेमका घरी नव्हतो. हे वाचून तू म्हणशील, कधी असतोस? पण ऐक. त्या सहा फोटोंपासून जो तो फोटो काढायला मलाच बोलावतोय, श्वास घ्यायला वेळ नाही. जयंतीच्या तयारीचे फोटो काढायला पोरांनी बोलावलं होतं. कमानीवर चढलो होतो, उतरायला रात्र झाली.

घरात शिरलो तर भिंतीवर नुसता खिळा. म्हटलं, पडला, फुटला, काय झालं? नाना खाटेवर बसलेले. म्हणाले, "अमृता घिऊन गेली."

मी विचारलं, काही बोलली का? नाना म्हणाले, आली, चप्पल न काढता भिंतीपाशी गेली आणि उभी राहिली. तासभर. चहा गार झाला. मग फोटो उतरवला, पदरात गुंडाळला, आणि जाताना दारातून म्हणाली, "त्याला म्हनावं, तुमच्यासाठी दुसरा काढून आन."

मी नानांना ते तीनदा म्हणायला लावलं. ते वैतागले. मग म्हणाले, आणखी एक निरोप होता, तो इसरलो. आणि ताई, तो आठवायला त्यांनी जेवणभर लावलं. मी एक घास गिळला नाही. हात धुताना आठवला त्यांना. तू म्हणालीस, "सत्तावीसला माझी साक्षी दोन वर्षांची हुतीया. घोडेगावला ये म्हनावं. फोटो त्यालाच काढायचेत, दुसरं कुनाला सांगितलं न्हाई."

आता स्टुडिओत बसून लिहितोय. दुसरा फोटो मशीनमधून बाहेर येतोय, आधी पाणी आलं, मग चपला, आता पदर. येऊ दे सगळी.

सत्तावीसला सकाळी पहिल्या गाडीनं येतो. मोबाईलच्या तीसच्या तीस जागा रिकाम्या करून.

संघर्ष